वाटेवर बसवलेला देव

ती घटना अजून डोक्यातून जात नाही. आठवली की संताप होतो. मी शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शिक्षण बेताचं, म्हणून सरळच लिहितो.

तेव्हा खामगाव तालुक्यात बीटवर होतो. सकाळीच एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"सायेब, लवकर या. बौद्ध वस्तीतली बुढी वारली. स्मशानाच्या वाटेत देव निघाला म्हन्तात, मयत जाऊ देऊन नाही राह्यले."

स्टेशन डायरीला नोंद करून निघालो. वाटेच्या मधोमध शेंदूर फासलेला दगड, वर हार. एकीकडे जमाव. दुसरीकडे तिरडी खाली ठेवून बुढीचा मुलगा बसलेला. ऊन चढत होतं. तेवढ्यात एका पुढाऱ्याचा फोन, "लोकांच्या भावना आहेत, मयत दुसरीकडून न्यायला सांगा." दुसरी वाट होती कुठं?

देव ज्याला 'सापडला', त्याचं वावर, म्हणजे शेत, वाटेला लागूनच. त्याला बाजूला घेतलं.

"कधीचा देव हाय बे?"

"स्वयंभू हाय सायेब. आज्याच्या आंधीपासून जमिनीत व्हता."

"मंग खालून पाहू."

"हात नोका लावू, पाप लागन!"

"लागू दे मले."

दोन पंच बोलावले, दगड उकरून उलथवला. खालच्या अंगाला टाकीचे घाव, घावांत पिवळी हळद. नाकाशी नेलं तर मिरचीचा ठसका. गर्दीतून त्याचीच माय ओरडली, "अरे बह्याडा, हा तं माहा पाटा! सकायपासून हुडकून राह्यली मी!"

लोक हसले. मी हसलो नाही. बाईची मयत उन्हात पडली होती, अन् ह्याला वाट वावरात घ्यायची होती.

पाटा मुद्देमाल म्हणून जप्त केला. मयत पुढं गेली. गुन्हा दाखल केला. 'समज देऊन सोडा' असे फोन आले. सोडलं नाही.

माझी बायको दर शनिवारी मारोतीला तेल-शेंदूर वाहायची. घरी सांगितलं तर ताटावरून उठली. म्हणाली, "मेल्यानं देवालेबी चोरीत ओढलं!"

आता ती नाही. तिला नेलं तेव्हा वाट मोकळी होती, कोणी आडवं आलं नाही. खांदा देताना तिरडीपाशी बसलेला तो मुलगा आठवला. देव घरात पूजा, देवळात पूजा, मीही पूजतो. पण वाट सगळ्यांची आहे. तिथं देव आडवा ठेवून माणूस अडवणाऱ्याला भक्त म्हणू नका. त्याला आरोपी म्हणा.