सिस्टर नाचाच्या क्लासला निघाल्या

"आण हात."

समोर कोणी का उभं असेना, सिस्टरांचं पहिलं वाक्य हेच. ताप असो, खोकला असो, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा असो. मनगट पकडायचं, घड्याळाकडे बघायचं आणि ओठ हलवत मोजत राहायचं. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात त्या नर्स आणि मी औषधं देणारा. एकदा एक विमा एजंट त्यांच्या गळ्यात पॉलिसी मारायला आला, तो डॉक्टरांना दाखवून, माझ्या खिडकीवरून रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन मुकाट्याने परत गेला.

सिस्टर मूळच्या जव्हारच्या. वडिलांचं किराणा दुकान, पाठीवर तीन भावंडं. त्या सगळ्यांना मार्गी लावता लावता यांचं लग्न राहून गेलं. कोणी हळहळलं तर म्हणायच्या, "राहिलं तर राहिलं. तुम्हाला कशाला कळ येतेय?" सणासुदीची ड्यूटी बिनबोभाट त्यांच्याकडे. घरी वाट बघणारं कोणी नाही, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू?

तर चोपन्नाव्या वाढदिवसाला नाशिकच्या भाचीनं आत्याला काय द्यावं? साल्साच्या क्लासची फी! दर रविवारी, जोडीचा नाच, अगदी नवशिक्यांसाठी. एकट्यानं आलात तरी चालेल, जोडी तिथे लावून देतील. सिस्टरांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "काय रे गोळीवाल्या, या वयात असलं काही करतात का?"

"तुम्हाला करायचंय का?"

त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला. "विचारलं नुसतं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बुटांची चौकशी सुरू!

सपाट, गुळगुळीत तळाचे बूट हवेत, असं भाचीचं म्हणणं. आठवडी बाजारात त्यांच्या मापाचे मिळाले ते शाळकरी मुलींचे, काळे, पट्ट्याचे. दुकानदारानं विचारलं, "कितवीत आहे मुलगी?" सिस्टर म्हणाल्या, "पहिलीत. अजून पहिला दिवस व्हायचाय."

सराव माझ्या औषधांच्या खोलीत, दुपारी पेशंट संपल्यावर. रेंज खिडकीपाशीच येते, म्हणून नाचही खिडकीपाशीच. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "शिकून घ्या हो. वरातीत नुसते खांबासारखे उभे असता."

भाचीनं पाठवलेल्या व्हिडिओतला मास्तर मोजायचा, एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. सिस्टर थांबल्या.

"चार कुठे गेला?"

"चारला थांबायचं असतं, सिस्टर."

"थांबा की, पण मोजा! असा मधलाच डोस गाळतात का?" आणि शेवटपर्यंत त्या चार आणि आठ मोठ्यानं म्हणत राहिल्या.

खरी पंचाईत वेगळीच होती. माझ्या हातावर त्यांनी हात नुसता ठेवायचा, इतकंच. पण दोन पावलं झाली की माझं मनगट त्यांच्या मुठीत आणि नजर घड्याळावर.

"सिस्टर, काय करताय?"

"ब्याण्णव. घाबरलायस तू."

"तुम्ही पायावर पाय दिलाय माझ्या!"

तीस-बत्तीस वर्षांची सवय, जाते थोडीच! मी हात पुढे केला की त्यांना तपासायलाच हवा असे. आणि मागे पाऊल टाकायची वेळ आली की मान वळवून बघायच्या. आमच्या दवाखान्यातल्या मावशी, माहेर जामसरचं, दाराशी केरसुणी घेऊन उभ्या. त्यांना हसू आवरेना. "अगं बाय, मागं काय बघते? भाताच्या आवणीत रोपं लावत सगळा दिस मागं मागंच जातो आम्ही. टाच आधी चिखल चाचपते, मग वजन टाकायचा." मावशींनी कमरेला पदर खोचून दोनदा करून दाखवलं. तेव्हापासून सिस्टरांचं मागचं पाऊल सुधारलं. व्हिडिओतल्या मास्तरला जमलं नव्हतं ते मावशींनी केलं.

क्लास दोन दिवसांवर आला, त्या शुक्रवारी मात्र सिस्टर आल्या त्या पडेल चेहऱ्यानं. "रविवारची ड्यूटी मी मागून घेतेय."

मी चिडलोच. "वा! आणि माझ्या पायाची बोटं काय फुकट चेचलीत?"

त्या हसल्या नाहीत. तळहात उघडून बघत राहिल्या. "फार खरखरीत आहेत का रे? सारखं धुऊन धुऊन असे झालेत. कोणी परका माणूस हात धरेल आणि मला वाटेल, याला काय होतंय? मला दुसरं काही येतच नाही. चोपन्न वर्षांची झाले, पण हात नुसता कसा द्यायचा ते ठाऊक नाही."

मावशी केरसुणी भिंतीला टेकवून पुढे आल्या. "तू नको जाऊ," त्या म्हणाल्या. "मी जाते. ते बूट दे इकडं."

"तुझ्या पायाला नाही व्हायचे," सिस्टर फटकन म्हणाल्या. ड्यूटीचं पुन्हा निघालं नाही. रविवारी पहाटे हातांना खोबरेल चोपडून त्या नाशिकच्या एस.टी.त बसल्या. मी सोडायला गेलो होतो, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी निवृत्त होऊन त्या नाशिकलाच राहायला गेल्या. आता माझं मनगट उगाच कोणी धरत नाही. माझी नाडी कितीची चालते, देव जाणे. त्या गेल्यापासून दवाखाना ओका ओका वाटतो, हे कबूल करायला मला लाज नाही. पण सांगायचंय ते त्या क्लासनंतरच्या सोमवारचं.

सकाळभर त्यांनी इंजेक्शनं दिली, लहान पोरांना दटावलं, पण क्लासबद्दल अवाक्षर काढलं नाही. दुपारी खिडकीशी आल्या.

"एक निवृत्त शाळामास्तर होते जोडीला. हात थंडगार."

"मोजलेत किती?"

"नाही मोजले." स्वतःचा तळहात बघत म्हणाल्या, "गाणं संपलं तरी त्यांनी हात सोडला नाही, पुढचं लागेपर्यंत. आणि मीही सोडवून घेतला नाही."

मी हातातला गोळ्यांचा डबा बाजूला ठेवला.

"इतकी वर्षं इथे ज्यांनी ज्यांनी माझा हात धरला ना, त्यांना काहीतरी होत होतं रे. कळा येत होत्या, नाहीतर भीती वाटत होती." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. "काल दोघांनाही काही झालेलं नव्हतं. नुसताच धरला होता."