आक्कांचा दिवसभराचा पास

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जेवढं शिकले तेवढंच येतं. चुकलंमाकलं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. तसं हे कुणाला दाखवायचं नाही. आमच्या गल्लीतल्या आक्का परवा कायमच्या निपाणीला लेकीकडं गेल्या, म्हणून लिहून ठेवते आहे.

मोठ्या शहरात उतरलं की माणसं आधी चहा पितात, नाहीतर रिक्षा बघतात. आक्का आधी सिटी बसचा पास काढायच्या. श्रवणबेळगोळला जाताना बेंगळुरात एक दिवस थांबल्या, तर तिथंही पास. शिवाजी पेठेत म्हशी पाळून घरोघर दूध घालणारी ही बाई, पण गल्लीत त्यांना सगळे पासवाल्या आक्का म्हणत. त्यांचं म्हणणं असं, "तिकीट काढलं की एकाच ठिकाणाला जाता येतंय. पास काढला की गाव आपलं." मोबाईलवरही पास मिळतो असं कुणी सांगितलं तर म्हणायच्या, "मोबाईल मेला की पास बी मेला. कागद बरा."

माझे मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. मणक्याचं दुखणं वाढलं आणि ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं. कारखान्याच्या गाडीनं त्यांना आधीच नेऊन दवाखान्यात दाखल केलं. लेक सासरी, दिवस भरत आलेले. माझ्याबरोबर येणारं कुणी नाही. मी तर दुकानात गेले तरी बोट दाखवून वस्तू मागणारी. आक्का म्हणाल्या, "मी येते की. म्हशी जाऊबाई बघंल."

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून आक्का खुशीत होत्या. स्वारगेटला उतरल्या उतरल्या त्यांनी सिटी बसच्या कंडक्टरकडून दोघींचे दिवसाचे पास घेतले. त्यांच्या भाचीची खोली कात्रजला होती आणि दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथं पुरुषांच्या वॉर्डात बायकांना राहू देत नव्हते. संध्याकाळी तासभर भेटायचं, मग फाटक बंद. मालक उताणे पडलेले, घाबरलेले. दुसऱ्या कुणी भरवलं तर तोंड फिरवायचे. मी नेलेला मऊ भात तेवढा खायचे. म्हणजे मी पोचले तर ते जेवणार.

पहिल्या दिवशी आक्कांनी मला दवाखान्यावरून जाणाऱ्या बसमध्ये बसवलं आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत नेलं. तिथं सगळे उतरले. आक्का हलल्या नाहीत.

"आजी, उतरा. गाडी इथंच संपली," कंडक्टर म्हणाला.

"गाडी संपली आसंल, पास न्हाय संपला. माघारी जाणार न्हवं? मग बसू द्या की पावणं."

तो हसला आणि चहाला गेला. आम्ही त्याच बसनं परत आलो. आक्का मला प्रत्येक स्टॉपवरची खूण दाखवत होत्या. "ही बघ पाण्याची टाकी. ही शाळा. आता डोळं मिटून सांग, फुडं काय?" मी सांगितलं. एकदा चुकलेही. "चुकू दे की," त्या म्हणाल्या, "चुकायचं भाडं आधीच भरलंय आपण."

त्यांच्या हातून गंमतही झाली. रोज रात्री उतरताना त्यांना वाटायचं, पास अजून चालतोय आणि वाया जाणार. एकदा त्यांनी तो बसमध्ये चढणाऱ्या एका बाईच्या हातात दिला. कंडक्टरनं पाहिलं. "आजी, हा पास दुसऱ्याला चालत नाही."

"का? शिळा झालाय व्हय?"

त्या बाईला तिकीट काढावंच लागलं. खोलीवर येईपर्यंत आक्का कुरकुरत होत्या. "आमच्याकडं उरलेलं ताक शेजारी देत्यात. हितं पास दिला तर गुन्हा!"

मग कोल्हापूरहून फोन आला. म्हैस आटली होती, जाऊबाईंना जमत नव्हतं. आक्कांना जाणं भाग होतं. मालकांना अजून महिना काढायचा होता. जायच्या आदल्या दिवशी आक्का मला महिन्याच्या पासाच्या खिडकीवर घेऊन गेल्या. माझ्याकडचे पैसे औषधांत गेले होते, म्हणून पासाचे पैसे त्यांनीच भरले आणि महिन्याच्या खर्चालाही दिले. पण खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं तेव्हा, सगळ्यांच्या वतीनं बोलणाऱ्या आक्का भिंतीवरची जाहिरात वाचत उभ्या राहिल्या. मी त्यांचा पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"ओ ताई, झोप लागली काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

मी नाव सांगितलं. ऐकू आलं नाही म्हणून परत सांगितलं, या वेळी मोठ्यानं. पत्ता सांगितला. फोटो लावलेला पास हातात आला, तेव्हा कुठं आक्कांची जाहिरात वाचून झाली.

दुसऱ्या दिवशी मी एकटी निघाले. नंबर बरोबर होता, पण बस उलट्या बाजूची होती. पाण्याची टाकी आली नाही, शाळा आली नाही. भाताचा डबा मांडीवर गार होत चालला. थोडा वेळ मला रडूच येत होतं. मग आठवलं की पैसे आधीच भरलेत. मी उतरले, रस्ता ओलांडला, कॉलेजच्या एका पोरीला विचारलं, दुसरी बस धरली. ती पुलाजवळ अडकून राहिली. पोचले तेव्हा वॉचमन फाटक ओढत होता.

"वेळ संपली, बाई."

"त्यांनी सकाळपासनं खाल्लं न्हाय. मी भरवल्याबिगर खाणार न्हाईत. मला आत जायचंय," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. त्यानं फाटक थोडं उघडलं.

मालकांनी माझ्यामागं पाहिलं. "आक्का कुठं?"

"गेल्या कोल्हापूरला."

"मग तू कुणासंगं आलीस?"

"एकटीच आले."

मग त्यांनी घासासाठी तोंड उघडलं. त्या दिवशी सगळा भात संपला.

मालक बरे होऊन घरी आले, पण पुष्कळ दिवस कामावर जाता आलं नाही. मी एका खाणावळीत चपात्या लाटायला लागले आणि आक्कांचे पैसे थोडे थोडे फेडू लागले. दुसरं कुणी असतं तर "राहू दे गं, कशाला" म्हणालं असतं आणि मग गल्लीत सांगत फिरलं असतं. आक्का दर वेळी पैसे घ्यायच्या आणि कुणाला सांगायच्या नाहीत.

गेल्या वर्षी त्यांनी म्हशी विकल्या. गुडघे चालेनात. परवा स्टँडवर त्यांना पोचवायला गेले, तेव्हा राहिलेले पैसे त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते पदराच्या गाठीत बांधले.

"फिटलं बघ," म्हणाल्या. "आता निपाणीला येशील ती पैशे द्यायला न्हाय. नुसती माझ्याकडं येशील."

मी मान हलवली. निपाणीची गाडी लागली होती. मी त्यांची पिशवी आत ठेवली आणि खाली उतरले. आक्कांचे सगळे पैसे फिटले.