बघीचं सातवं झाकण

…तर काल सांगता सांगता राहिलं ते असं, की पोतंभर फ्लास्क गळतात म्हणून परत आले होते आणि कारखान्यात त्यातला एकही गळेना! फिटरकाका एकेक फ्लास्क उचलायचे, पाणी भरायचे, झाकण आवळायचे, उलटा धरून हलवायचे. थेंब नाही.

"लोक खोटं बोलतात," काका म्हणाले. "नाहीतर त्यांच्याकडचं पाणीच वेगळं असेल!"

ज्या बाईचा हा फ्लास्क, ती त्याच कारखान्यात नव्या वस्तूंचे नमुने काढायची. डिझायनर म्हणतात त्या कामाला. कामगार मात्र तिला बघी म्हणत, कारण ती बघत बसे. नवी वस्तू कुणाच्या तरी हातात द्यायची, एक अक्षर बोलायचं नाही, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्या माणसाचे हात बघायचे. पहिलं वर्षभर सगळ्यांना वाटलं, बाईंना काही काम नाही. मग कळलं, हेच काम.

"विचारलं की माणूस पाहुण्यासारखा 'छान छान' म्हणतो," ती सांगे. "हात तसे भिडस्त नसतात."

पाच वर्षं तिने बादल्यांच्या कड्या आणि डब्यांची टोपणं काढली होती. फ्लास्क मात्र पहिल्या रेघेपासून तिचा. आणि मालकांनी बजावलं होतं, "शनिवारपर्यंत गळती थांबली तर ठीक, नाहीतर फ्लास्क बंद. मग तुम्ही आहात आणि तुमच्या बादल्या आहेत." माणूस मनाचा वाईट नव्हता, पण ते पोतं नेमकं त्यांच्याच दाराशी ठेवलेलं, येता-जाता ठेच लागायची. काकांनी आधीच झाकणातला रबरी वायसर जाड करून पाहिला होता. त्यावर एका पोत्याची दोन पोती झाली.

शेवटी बघीने एक फ्लास्क घरी नेला, सासूबाईंपुढे ठेवला आणि आपण वर्तमानपत्र उघडून बसली. नजर अर्थातच कागदाच्या वरून. सासूबाईंनी चहा भरला, झाकण फिरवलं, आणि जिथे जरा जड लागलं तिथे थांबल्या. झालं! असा फ्लास्क पिशवीत आडवा पडला की पिशवीला चहा पाजणार, हे ठरलेलं.

बघीला राहवेना. तिने स्वतःचाच नियम मोडला. "आई, ते अजून थोडं फिरतं."

"माहितीये गं. पण फिरवलं तर दुपारी उघडायचं कुणी? तू तिकडे, माझा लेक तिकडे. मी काय चहा प्यायला शेजाऱ्यांची बेल वाजवू?"

"अहो, मग मी इतक्या वेळा विचारलं तेव्हा छान आहे म्हणालात ते?"

"सुनेच्या वस्तूला नावं ठेवू होय? छानच आहे. फक्त उभा ठेवायचा!"

बघी हसत सुटली. कारखान्यात फ्लास्क तपासत होतं कोण? फिटर! तीस तीस वर्षं पाने फिरवलेले पंजे. त्यांनी आवळल्यावर गळेल कशाला? आणि जाड वायसरने झाकण आणखी जड झालं, तसे घरोघरचे लोक आणखी अलीकडे थांबू लागले.

दुसऱ्या दिवशी तिने काकांना हे सांगितलं. काका स्वतःच्या हातांकडे असे बघायला लागले, जणू कुणी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतलाय.

"म्हणजे दोष माझ्या हातांचा?"

"दोष कसला, काका! हात जरा जास्तच चांगले आहेत, एवढंच."

काका खुलले आणि लाकडाची झाकणं कातायला बसले. पहिलं गोटीसारखं गुळगुळीत, देखणं. सासूबाईंच्या ओल्या हातातून सटकलं आणि कपाटाखाली गेलं. बघीने ते स्वतःच काढून कचऱ्यात टाकलं. काका केवढे हळहळले! दुसऱ्याचे कंगोरे शेजारच्या शिंपीणबाईंच्या बोटांना रुतले. तिसरं, चौथं तर सांगण्यासारखंही नव्हतं. सातवं जमलं. बोट बसेल एवढ्या रुंद खाचा, मऊ वायसर, आटे थोडके. अर्धा वेढा दिला की झाकण ठाम थांबायचं आणि हाताला टक्कन कळायचं. जोर लागत नाही, तर अलीकडे थांबायचं कशाला?

शनिवारी बघी सासूबाईंना घेऊन थेट मालकांच्या खोलीत.

"ह्या कोण?"

"आमच्या तपासनीस."

सासूबाईंनी गरम पाणी भरलं, अर्धा वेढा दिला, आणि कुणी काही म्हणायच्या आत फ्लास्क मालकांच्या उघड्या कागदांवर आडवा घातला. मालक खुर्चीतून अर्धे उठले. काकांनी डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन गेली. मालकांनी फ्लास्क उचलून खालचा कागद बोटांनी चाचपला. पुन्हा चाचपला.

"कोरडा आहे," ते म्हणाले.

"असणारच," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी झाकण अलगद उघडलं आणि इकडेतिकडे पाहिलं. "कप नाही का हो तुमच्याकडे?"

मालक खो खो हसले. "काका, साचा करायला घ्या!"

पण मालक म्हटल्यावर काहीतरी सुधारणा सुचवल्याशिवाय सही होते थोडीच? त्यांनी झाकण फिरवून फिरवून पाहिलं. "एक करा. ह्या खाचांमध्ये ठळक अक्षरं घाला. 'येथे धरून उजवीकडे फिरवा.' वर एक बाण. गिऱ्हाइकाला समजायला नको?" काकांनी लगेच मान डोलावली, नुकता हातात पडलेला होकार निसटायला नको. बघीला डोळ्यांनी दटावूनही झालं.

बघीने झाकण मालकांच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, आईंचा चष्मा घरी राहिलाय, तरी त्यांनी ते फिरवलं. खाचांत बोटं बसतात, तिथे मला अक्षरं नकोत. लिहायचंच असेल तर खोक्यावर लिहा, पाहिजे तेवढं लिहा. खोकं लोक पहिल्याच दिवशी फेकून देतात."