सातवा घोट

सुदर्शनच्या पायाला भिंगरी आहे, असं त्याची आई तो चालायला लागला तेव्हापासून म्हणत आली आहे. पुण्यात आल्यावर त्या भिंगरीला कॉफीचं वंगण मिळालं. दिवसाला दहा-बारा कप. हौसेनं नाही, कामच तसं. कॅफेंमध्ये जी मोठाली, फुसफुसत वाफ सोडणारी कॉफीची मशिनं असतात, ती दुरुस्त करायचं काम तो एका कंपनीकडून करतो. वायसर बदलायचे, बॉयलरमधला क्षार खरवडायचा, आणि निघण्यापूर्वी एक कप काढून स्वतः प्यायचा. मशीन बरं झालं की नाही ते शेवटी जिभेलाच कळतं, हे त्याला त्याच्या पहिल्या वरिष्ठानं शिकवलेलं.

तो यवतमाळकडचा, दारव्ह्याचा. घरी चहा, तोही चमचा उभा राहील इतक्या साखरेचा. अमरावतीला पॉलिटेक्निकला असताना मित्रांच्या मोटारसायकलवर चिखलदऱ्याला गेला आणि तिथल्या एका टपरीवर त्यानं आयुष्यातली पहिली काळी कॉफी प्यायली. तोंड वाकडं झालं. पण घाट उतरून परतवाड्याला येईपर्यंत ती चव जिभेवर बदलत राहिली. आधी कडू, मग जांभळासारखी, मग चक्क गोड. हे असं कसं होतं, हा प्रश्न त्या दिवशी जो डोक्यात शिरला तो निघालाच नाही. पुढे चाकणच्या कारखान्यात दोन वर्षं एकाच यंत्रासमोर उभं राहून त्याचा जीव घुसमटला, तेव्हा ती नोकरी सोडून तो या कामात आला. इथं निदान दर दोन तासांनी जागा तरी बदलते. सदाशिव पेठेतल्या खोलीवर त्याचे दोन सोबती त्याला एकच विनंती करतात : बाबा रे, झोपेत तरी पाय हलवू नकोस, कॉट भिंतीवर आपटते.

आणि एक गोष्ट त्या सोबत्यांनाही ठाऊक नव्हती. इन्स्टाग्रामवर 'सातवा घोट' नावाचं एक खातं आहे, पुण्यातल्या कॉफ्या आणि चित्रविचित्र सोडे चाखून त्यांच्याविषयी मराठीत लिहिणारं, ते सुदर्शनचं. नावामागे त्याचा हिशेब होता. पहिला घोट नुसता गरम लागतो. दुसऱ्या-तिसऱ्याला आपल्याला जे हवंय ते लागतं. कप कोमट होत सातव्या घोटाला आला, की कॉफीला काही लपवता येत नाही. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारा हा माणूस सात घोटांपुरता मात्र बसायचा. चौदा हजार लोक ते वाचायचे. त्यात तो ज्यांची मशिनं दुरुस्त करायचा ते कॅफेवालेही होते, आणि हे खातं चालवतं कोण, याच्या पैजा ते त्याच्यासमोरच लावायचे. तो मान खाली घालून पाना फिरवत राहायचा. आत कुठेतरी गुदगुल्या व्हायच्या.

सोडा त्याला लागायचा तो पोटासाठी. इतकी कॉफी प्यायल्यावर छातीत जळजळणारच. शनिवार पेठेत रंगनाथकाकांचं सोड्याचं दुकान आहे. ओली हळद, पेरू-मिरची, कढीपत्ता-लिंबू असले प्रकार ते स्वतः बनवतात. सुदर्शननं एकदा त्यांच्या बडीशेप सोड्याला 'दंतमंजनाची आठवण' असं लिहिलं. आठवड्यानं दुकानात पाटी लागली : 'एका तज्ज्ञांस आमचा बडीशेप सोडा आवडला नाही. त्यांच्यासाठी शेजारी मेडिकल आहे.'

तर यंदा फेब्रुवारीत सदाशिव पेठेतल्याच 'ओसरी' नावाच्या कॅफेतून कंपनीला फोन आला, मशीन गळतंय. ओसरी तनुजाताईंची. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी सहा टेबलांचं कॅफे काढलेलं, आणि मागच्या बाजूला छोट्या यंत्रात कॉफी स्वतः भाजायच्या. सुदर्शन गेला. गिऱ्हाईक बसलेलं, म्हणून मशीन पूर्ण बंद करू नका, असं त्या म्हणाल्या. मग वाफेचा जोर ओसरून बोटं कमी भाजावीत म्हणून त्यानं पाण्याचं तापमान त्र्याण्णव अंशांवरून पंच्याऐंशीवर आणलं. हे सेटिंग मशीनच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे स्क्रीनवर असतं, ते फक्त दुरुस्ती करणाऱ्यालाच उघडता येतं. तो वायसर बदलतच होता, तेवढ्यात बाणेरहून तातडीचा फोन आला. त्यानं घाईनं वायसर बसवला, झाकण लावलं, सह्या घेतल्या, स्कूटरला किक मारली. एक कप काढून पिण्याचं राहून गेलं.

आठ दिवसांनी तो तिथं गिऱ्हाईक म्हणून गेला. तनुजाताईंचा चेहरा खुललेला.

"सुदर्शन, बरे आलात. नवीन माल आलाय, चिखलदऱ्याचा. तिकडचे बद्रीनाथभाऊ म्हणून आहेत, त्यांच्या मळ्यातला. परवाच भाजला. तुम्ही तिकडचेच ना?"

"तिकडचाच म्हणजे... तसा लांबचा," तो म्हणाला. पण त्याचं काळीज सुपाएवढं झालं. चिखलदरा! पुण्यात, नाव घेऊन!

कप आला. पहिला घोट आंबट. दुसराही. तो सातव्याची वाट बघत बसला, पाय टेबलाखाली लटलटत. सातव्याला कॉफी आणखीच पोकळ झाली, कच्च्या शेंगदाण्यासारखी. जांभूळ नाही, गोडवा नाही.

"कशी आहे?"

"छान आहे, ताई."

तोंडावर छान म्हणाला आणि खोलीवर जाऊन फोन उघडला. आपल्याकडच्या कॉफीनं आपल्याला मान खाली घालायला लावली याचा राग होता. शिवाय आपला प्रांत म्हणून पदरात घेतलं असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यानं हात जरा जास्तच जोरात चालवला. 'ओसरीची नवी चिखलदरा : कच्ची, आंबट, आतून रिकामी. प्रत्येक डोंगरावर कॉफी लावायलाच पाहिजे असं नाही.' शेवटच्या वाक्यामुळे पोस्टला सहाशे बदाम मिळाले.

त्यानंतर मात्र त्याला चैन पडेना. का, ते कळेना. तीन आठवडे त्यानं ओसरीचा रस्ता टाळला. खोलीवरून निघाला की मुद्दाम दोन गल्ल्या सोडून वळायचा. आईचा फोन आला की, "जेवला का बाप्पू? काहून असा धापा टाकून रायला?" असं ती विचारायची आणि हा खुर्चीत बसलेला असायचा.

एके दुपारी तो रंगनाथकाकांच्या दुकानात उभा होता. काका एक बाटली फोडून कोरा सोडा पीत होते. ना मीठ, ना लिंबू.

"काका, आज रिकामाच?"

"हळदीचा सोडा सकाळी मचूळ लागला," काका म्हणाले. "हळद बदलू का, असं मुलगा विचारतोय. मी म्हटलं, थांब. हळदीला शिव्या घालण्याआधी कोरा पिऊन बघावा. पाण्यातच खोट असेल तर हळदीनं काय करायचं? आणि तुम्ही जरा तो पाय आवरा. बरण्या वाजताहेत."

पाय थांबला. अगदी गपकन थांबला. सुदर्शनच्या डोळ्यांपुढे ओसरीच्या मशीनचा आतला पडदा आला, आणि त्यावरचा आकडा. पंच्याऐंशी. तो परत वर नेल्याचं त्याला आठवेना. बोटं आठवत होती, वायसर आठवत होता, बाणेरचा फोन आठवत होता. आकडा वर नेल्याचं काही केल्या आठवेना. कमी तापलेल्या पाण्यात कॉफी उतरतच नाही. आंबट तेवढं निघतं, गोडवा आतच राहतो. दुधाच्या कॉफीत ते झाकलं जातं, काळीत नाही. हे तो स्वतः नव्या पोरांना शिकवायचा.

"पैसे उद्या देतो," म्हणत तो पळाला. मागून काकांचा आवाज आला, "पिऊन तरी जा! की आधी लिहून मग पिता?" तो स्कूटर चालू करता करता जागीच गार झाला. ते खातं कुणाचं हे काकांना कधीपासून ठाऊक होतं, देव जाणे.

ओसरीत दोनच टेबलं भरलेली. तनुजाताई गल्ल्यामागे बसून काळेकुट्ट दाणे हातावर चोळत होत्या.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" त्यांनी विचारलं. रोखठोक, पण रागानं नाही.

"या बाजूला आलो होतो. म्हटलं, मशीन बघून जावं."

"बघा. मशीनला काय झालंय? झालंय ते मला." त्यांनी दाणे दाखवले. "लोक कच्ची म्हणाले, म्हणून जास्त भाजली. तरी आंबट. मग अजून भाजली. आता हा कोळसा झालाय."

त्यानं आतला पडदा उघडला. पंच्याऐंशी. आकडा त्याच्याकडे बघत होता. त्यानं गुपचूप कळ दाबली. शहाऐंशी, सत्त्याऐंशी... त्र्याण्णव. इतकं सोपं. 'थोडं सेटिंग केलं' म्हणायचं आणि निघायचं. कॉफी सुधारली असती, कुणाला काही कळलं नसतं. मनानं हे इतक्या चटकन मांडून दाखवलं, की त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि तरीही तो म्हणाला, "थोडं सेटिंग केलंय. दहा मिनिटांनी काढून बघा."

दहा मिनिटांनी ताईंनी त्या काळ्या दाण्यांची कॉफी काढली. गरम पाण्यानं कोळशाचा उरलासुरला कडवटपणाही ओढून आणला. एक घोट घेऊन त्यांनी कप बेसिनमध्ये ओतला.

"संपलं," त्या म्हणाल्या. "मला भाजता येत नाही, हेच खरं. बद्रीनाथभाऊंना सांगते, राहिलेली पोती पाठवू नका. इथून पुढे तयार भाजलेली घेईन, सगळे घेतात तशी." आणि त्यांनी फोन हातात घेतला.

"ताई, नका करू फोन."

"का?"

सुदर्शन उभ्या जागी एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे. पाना खिशात घातला, काढला.

"तुमची भाजणी बरोबर होती. मालही चांगला असणार. मशीन पंच्याऐंशीवर होतं. मीच ठेवलं होतं, वायसर बदलताना. वर न्यायचं विसरलो. त्या दिवशी चाखलीही नाही."

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. "महिनाभर?"

"हो. आणि..." आता अर्धवट थांबण्यात अर्थ नव्हता. "आणि ते लिहिणाराही मीच. 'सातवा घोट'."

शेजारच्या टेबलाशी बसलेल्या एका आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. ताईंनी फोन उलटा ठेवला.

"म्हणजे बिघडवलं तुम्ही, तोंडावर छान म्हणालात तुम्ही, आणि गावभर बोंब मारलीत तीही तुम्हीच. एकट्या माणसाला इतकी कामं झेपतात कशी हो?"

त्यानं पाना गल्ल्यावर ठेवला.

"पहिल्या भाजणीतली मूठभर उरलीय. फेकायचा जीव झाला नव्हता," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या डबा शोधत होत्या तेवढ्या वेळात त्यानं लिहिलं. नेहमीसारखं घोळवून नाही. 'ओसरीच्या चिखलदरा कॉफीबद्दल मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. दोष मशीनच्या तापमानाचा होता आणि ते चुकीचं ठेवणारा मेकॅनिक मीच आहे. डोंगराबद्दलचं वाक्य मी मागे घेतो. सुदर्शन, मुक्काम सदाशिव पेठ.' त्यानं पोस्टचं बटण दाबलं. पुढच्या पाच मिनिटांत कंपनीच्या साहेबांचा फोन दोनदा वाजला. त्यानं उचलला नाही. उद्या तिथं काय वाढून ठेवलंय याचा अंदाज त्याला होता.

ताईंनी कप त्याच्यासमोर ठेवला आणि स्वतः एक घेऊन समोर बसल्या.

"प्या. सातही. आणि पाय."

"काय?"

"टेबल हलतंय."

त्यानं दोन्ही गुडघे हातांनी दाबून धरले. पहिला घोट नुसता गरम. तिसऱ्याला कडू. कप निवायची वाट बघणं इतकं जड त्याला कधी गेलं नव्हतं. पाचव्याला जिभेच्या कडेला काहीतरी हललं. सहाव्याला जांभूळ. सातव्या घोटाला ताईंनीच डोळे मिटले.

"हीच होती," त्या हळूच म्हणाल्या. "हीच चव मी त्यांच्या अंगणात घेतली होती. मला वाटलं, माझ्या हातून मेली." मग डोळे उघडले तेव्हा आवाज पुन्हा कोरडा होता. "तुमच्यावरचा राग आहे तसाच आहे. यापुढे मशीन खोलाल तेव्हा मी शेजारी उभी राहणार. आणि चाखल्याशिवाय सही मिळणार नाही."

"बरं."

"आता बद्रीनाथभाऊंना फोन लावा. ते डोंगराचं वाक्य त्यांच्या मुलानं त्यांना वाचून दाखवलंय."

ताईंनी सांगितलेला नंबर त्यानं लावला. घंटा वाजत राहिली. तो सवयीनं उठून येरझारा घालणार होता, पण बसून राहिला. पलीकडे फोन उचलला गेला. मागे वारा होता, कोंबडा होता.

"कोन बोलून रायलं?"

पुण्यात आल्यापासून सुदर्शन ही बोली फक्त आईशी बोलायचा, तीही आवाज बारीक करून. आता मात्र सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असा तो म्हणाला, "भाऊ, मी सुदर्शन बोलून रायलो. दारव्ह्याचा. तुमच्या डोंगराबद्दल मीच लिवलं होतं."

पलीकडे बराच वेळ नुसताच वारा ऐकू येत होता. त्यानं गुडघा अजून घट्ट दाबला आणि उत्तराची वाट बघत बसून राहिला.