कोरडे रूळ

"चांदी बदलली बे यानं."

वाक्य हळूच बोललेलं होतं, पण मी दाराआडच उभी होते. बोलणारा पाटलांचा भाचा होता. ओसरीवर देवीच्या दारासाठी काढलेला चांदीचा पत्रा पडला होता आणि त्याच्या दोन्ही कडा करवतीच्या दातांसारख्या फाटल्या होत्या. माझे बाबा, म्हणजे ज्यांनी तो पत्रा काढला ते सोनार, पाहुण्यांसाठी आत पाणी घ्यायला आले होते. रांजणात तांब्या बुडवून ते तसेच वाकून राहिले.

"पहिला पत्रा कसा आरशावानी निघाला होता," भाचा म्हणत होता. "चांदी तेच, यंत्र तेच. मंग हा काऊन फाटला? खोट घातल्याबिगर चांदी फाटते का? घरात इंग्रजी शिकलेली मेमसाहेब पोसाची म्हनजे सोपं हाये का?"

"चूप बस," पाटील म्हणाले, पण म्हणताना हसले.

देवीच्या दाराला दोन फळ्या. दोन्ही मढवायला देऊळघाटच्या बायांनी पायातले वाळे, हातातले गोट काढून दिले होते. बाबांनी ते सर्वांसमोर एकाच मुशीत आटवले होते.

आमचं यंत्र हाताचं होतं. दोन पोलादी रूळ, वर दाब वाढवायचे आटे, बाजूला दांडा. पट्टी रुळांमधून काढायची, आटा जरा आवळायचा, पुन्हा काढायची. काही फेऱ्यांनी चांदी ताठरते. मग निखाऱ्यावर ताव देऊन ती मऊ करायची. एरवी बाबा रुळांवर डब्यातल्या तेलाचा हात फिरवत. पण त्या तेलात चरबी असते असं सगळेच म्हणत, आणि तुपाचाही प्रश्न नव्हता, कारण देवाची चांदी कोरडीच करायची ही आमच्या घरची रीत. आजोबा पत्रा हातोडीनं ठोकून करत. त्यांना तेल लागतच नव्हतं. पुढे यंत्र आलं, रीत तीच राहिली. देवाच्या कामात मजुराचाही हात नको, घरचं न्हालेलं माणूस हवं. आई नव्हती. म्हणून दांडा माझ्याकडे.

मी अकोल्याला मामांकडे राहून मिशनच्या शाळेत शिकले होते. फ्रिक्शनवरचा धडा मला पाठ होता, पण त्याला मराठीत काय म्हणतात हे ठाऊक नव्हतं. बाबांना काय सांगणार होते? पहिल्या पत्र्याची पट्टी जाड होती तोवर चाललं. पातळ होऊ लागली तशी कोरड्या रुळांना चिकटू लागली. आटा आवळला तरी ती आणखी पातळ होईना, नुसती तापे आणि ओरडे. दांड्यावर मी सगळा भार टाकायची. "अजून थोडं, माय," बाबा म्हणायचे. त्यांचा घाम पत्र्यावर पडू नये म्हणून ते मान मागे घेत.

तिसऱ्या दिवशी कडेला बारीक चीर दिसली. बाबांना वाटलं, सोवळ्यातच काही चुकलं. पुन्हा अंघोळ करून येतो म्हणून विहिरीवर गेले. मी डब्यात बोट बुडवलं, दोन्ही रुळांवर फिरवलं आणि फडक्यानं पुसलं, इतकं की पाहणाऱ्याला दिसू नये. बाबा आले. पत्रा रुळांतून असा सरकला, जसा वहीचा कागद. दांडा माझ्या हातात हलका झाला. बाबांनी चिरेची कड कापून पत्रा दोन्ही हातांनी उजेडात धरला.

"देवीनं हात लावला," ते म्हणाले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पदरानं तोंड पुसलं आणि आत गेले. तो पत्रा दारावर ठोकला गेला, त्यावर हळदकुंकू चढलं. बाया त्याला कपाळ टेकवू लागल्या. मी एकदाही टेकवलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या पत्र्याच्या वेळी बाबा यंत्रापासून हललेच नाहीत. आनंदानं बसून राहिले. जेवणसुद्धा तिथेच मागवलं. मला एक क्षणही मिळाला नाही. मी कोरड्या रुळांचा दांडा ओढत राहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर पत्रा फाटत गेला.

आता बाबा तांब्या घेऊन बाहेर गेले तशी पाटलांनी देवीच्या भंडाऱ्याची, हळदीची वाटी ओसरीवर ठेवली. "सोनारबुवा, मले काही म्हनाचं नाही," ते म्हणाले. "भंडारा उचला. म्हना, चांदी तेच हाये. म्या गावाले सांगतो, मिटलं."

"नाही तं कसोटीवर कस लावून पाहा," भाचा म्हणाला. "पन कस लावनाराबी हाच!"

बाबांनी हात पुढे केला. वाटीपाशी तो थांबला. चांदी तीच होती, शपथ घेण्यात काहीच खोटं नव्हतं. पण त्यांनी हात मागे घेतला.

"माह्याकडूनच काही पाप झालं असन," ते म्हणाले. "नाही तं देवीनं हात काऊन काढून घेतला असता?"

"पाहा!" भाचा उठलाच. "कबूल झाला!"

पाटील आता हसत नव्हते. त्यांनी वाटी ओढून घेतली. बाबा खरोखर आपलं पाप शोधत होते, जुन्या दिवसांत, आईच्या आजारपणात, कुठे कुठे. मी बोलले नाही तर ते गावात चोर ठरणार होते. बोलले तर देवीच्या दारावर चरबीचा हात लावणाऱ्या मुलीचे बाप. आणि तो एक दिवस, पत्रा उजेडात धरलेला, तोही त्यांच्याकडून जाणार होता.

मी दाराबाहेर आले. पाटलांच्या पायांकडे पाहत होते. बाबांकडे पाहवलं नाही.

"पहिल्या पत्र्याले म्या तेल लावलं," मी म्हणाले. "डब्यातलं. बाबाले ठाऊक नाही."