स्लॅबखाली न झोपणारे साडू

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात पायाखालच्या जमिनीवर भरवसा नसलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. जन्मभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, पुढे देऊळगाव राजाला टिनाच्या घरात एकटेच राहायचे. स्लॅबखाली झोपायचे नाहीत. आमच्याकडे मुक्कामाला आले तरी गादी उचलून अंगणात. भाच्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर हे पोहे सोडून मुलीकडच्यांच्या नव्या विहिरीत वाकून थर पाहत बसले. उंद्रीजवळ नाल्याची दरड दिसली की एसटी थांबवायला सांगतात. ‘थर तुटून खाली सरकला असन, तं तिथं भूकंप होऊन गेला समजा. किती डाव सरकला ते पाहा, मंजे पुढचा अंदाज लागते. एकदा हलली ते जमीन पुन्हा हलते. कवा, ते मात्र सांगत नाही.’ हे ते कंडक्टरलाही समजावतात.

मेहुणी गेल्यापासून त्यांच्या लेकीचा एकच हट्ट, बाबांनी आपल्याकडे राहावं. साखरखेर्ड्याला ती घर बांधायला निघाली, तेही स्लॅबचं. साडू म्हणाले, ‘पयले जमीन पाहू द्या.’ भूमिपूजनाचा नारळ फुटायच्या आधीच त्यांनी प्लॉटमधून आडवा चर खणवला आणि दाढीच्या ब्रशनं त्याची भिंत झाडत बसले. अन् सापडलं! मुरमाचा थर मधेच तुटून हातभर खाली गेलेला. ‘फॉल्ट!’ साडू आनंदानं ओरडले, मग लेकीकडे पाहून ब्रश खिशात घातला. ती मातीच्या ढिगावरच बसली.

‘बाबा, तुमाले माह्याकडं यायचंच नाही तं तसं सांगा ना. जमिनीवर काऊन ढकलता?’

मला त्या पोरीची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी साडू पुन्हा चरात उतरले. वर आले तेव्हा मुठीत काळे पडलेले ज्वारीचे दाणे होते. त्यांचा भूकंप म्हणजे जुन्या काळी धान्य साठवायला खणलेलं आणि पुढे खचलेलं पेव होतं! दुसरा एखादा ओशाळला असता. ‘साडूभाऊ, भूकंप नाही हो, ज्वारी हाय!’ म्हणत हे गावभर दाणे दाखवत हिंडले. बाकी चरात थर सरळ होते. पेव बुजवलं, घर उभं राहिलं. सळई मात्र इंजिनिअरनं सांगितली त्याच्या दुप्पट.

वास्तुशांतीच्या पंगती उठल्या आणि साडू दिसेनात. अंगणात नव्हते. लेकीनं त्यांच्यासाठी बांधलेल्या खोलीचं दार हळूच लोटलं. स्लॅबखाली, नव्या पलंगावर, तोंड उघडं टाकून ते घोरत होते. पायात बूट तसेच, पळायची वेळ आली तर असावेत म्हणून. मी काढायला वाकलो, तर तिनं माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते, आणि खोटं कशाला बोलू, माझेही.

‘राहू द्या काका,’ ती म्हणाली. ‘आले तं खरं.’