आडवा टी

अर्डिस टोलेफसनला गाव आयुष्यभर 'आळशी' म्हणत आलं, आणि तिच्याइतकी कष्टाळू बाई मी ड्राय फोर्कमध्ये दुसरी पाहिली नाही. तिच्या गुरांवर मालकीची खूण म्हणून तापल्या सळईनं दिलेला डाग होता आडवा पडलेला इंग्रजी टी. डागांच्या भाषेत आडव्या अक्षराला आळशी म्हणतात, आणि आमच्याकडे माणसाला त्याच्या डागावरूनच हाक मारतात. "आळशी आली गं!" असं माझ्या कॅफेत कुणी ओरडलं की मी तिच्यासाठी कॉफी ओतायला घ्यायचे.

नवरा वेंडेल गेल्यावरही तिनं एकटीनं गुरं सांभाळली. भर बर्फात अडलेल्या गाईंची वासरं खांद्यापर्यंत हात घालून ओढून काढली. मग गुडघे बोलायला लागले आणि तिनं रँच विकली. जमिनीबरोबर डागाचा हक्कही गेला. सही करताना हे तिला ठाऊक होतं, पण लागलं ते दफनभूमीत गेल्यावर. वेंडेलच्या दगडावर नावाखाली आडवा टी कोरलेला आहे, आणि शेजारची अर्धी बाजू तिच्यासाठी कोरी ठेवलेली.

"घे की तुझ्याही बाजूला टी कोरून," मी म्हटलं. "कोण अडवणार आहे तुला?"

"दुसऱ्याचा डाग वापरणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात, जोनेल?"

"चोर."

"मग? वेंडेलच्या शेजारी चोर म्हणून झोपू?"



नवा मालक केंडल कॅलिफोर्नियाचा. त्यानं एकही गाय पाळली नाही. पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि कपांवर, टॉवेलांवर आडवा टी छापला. तसा माणूस वाईट नाही. फक्त दिसेल त्या रँचवाल्याला 'तुमची गुरं किती?' असं विचारतो, म्हणजे बँकेत किती साठवलंय ते विचारल्यासारखंच. त्याच्याकडे जाऊन विकलेली वस्तू परत मागणं अर्डिसच्या स्वभावात नव्हतं. ती माझ्या कॅफेत बसून बिनसाखरेची कॉफी ढवळत राहायची. मला तिचा राग यायचा, आणि वाईटही वाटायचं.

मग एका वसंतात केंडलनं फाटकावर नवी लोखंडी कमान चढवली. तिच्यावर टी ताठ उभा! पाहुणे विचारायचे, तुमचं अक्षर पडलंय का, म्हणून त्यानं ते सरळ करून घेतलं होतं. अख्खं गाव हसलं. अर्डिस तेवढी हसली नाही. रानचेरीच्या जॅमची बरणी घेऊन ती थेट त्याच्या दारात, आणि गाडी चालवायला मी.

"उभा टी हा वेगळा डाग झाला," ती म्हणाली. "आडवा आता तुला नकोय ना?"

"अहो मॅडम, घेऊन टाका! जुने कप पडलेत, तेही न्या."

"कप राहू देत. आणि फुकट नको. ही बरणी घे, कागदावर सही कर."

केंडल हसायला लागला, मग तिच्या तोंडाकडे पाहून कागद शोधायला आत गेला. सही झालेला कागद घेऊन परत येताना कमानीखालून गाडी गेली तेव्हा अर्डिस रडत होती. मी समोर रस्त्याकडे पाहत राहिले.

गुरांशिवाय डाग म्हणजे नुसतं चित्र, असं म्हणून तिनं शेजाऱ्याकडून एक भाकड गाय घेतली. तापलेली सळई स्वतः धरली. गाईनं लाथ झाडली तेव्हा तिला घातलेली शिवी मी इथे लिहिणार नाही.

पुढच्या हिवाळ्यात अर्डिस गेली. आता उन्हाळ्यात केंडलचे पाहुणे दफनभूमीत फोटो काढतात आणि मग माझ्याकडे जेवायला येतात.

"त्या बाईच्या दगडावर टी आडवा का? कारागीर चुकला वाटतं?"

"नाही. त्याचा अर्थ आळशी."

"अरेरे! मेल्यावरसुद्धा चिकटवलंच का बिचारीला?"

"कुणी चिकटवलं नाही," मी म्हणते. "तिचं स्वतःचं आहे ते."